मोबाईलवरील स्मृतिपरीक्षा आणि वैद्याचे प्रश्न

दोन वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात, भर दुपारी, औरंगपुऱ्यात औषधालय चालविणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांचा दूरध्वनी आला. पंचेचाळिशीतील एक गृहस्थ मुलासह त्यांच्या दुकानात आले होते आणि मुलगा ‘स्मरणशक्तीचे चांगले औषध’ मागत होता. वडील वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. महिनाभरापासून त्यांच्या नोंदवहीत चुका होत होत्या, मोजलेला माल पुन्हा मोजावा लागत होता, घरी एकच प्रश्न ते दोन-दोनदा विचारीत होते. मुलाने आदल्या रात्री मोबाईलवर एक स्मृतिचाचणी शोधली आणि वडिलांकडून सोडवून घेतली. शंभरपैकी बेचाळीस गुण आले. ‘तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा’ अशी सूचना खाली होती. मुलाने त्याचा अर्थ स्मृतिभ्रंश असा लावला आणि तो थेट औषधालयात आला.

आमचे स्नेही अनुभवी आहेत. त्यांनी ब्राह्मीची बाटली पुढे केली नाही. ‘दुसरी कोणती औषधे चालू आहेत?’ एवढेच विचारले आणि उत्तर ऐकताच त्या दोघांना आमच्याकडे पाठविले. हे गृहस्थ आमचेच जुने रुग्ण होते, ही गोष्ट मात्र त्यांना ठाऊक नव्हती. त्यांचे पुढे काय झाले व त्यात आमची चूक कोणती होती, हे लेखाच्या ओघात येईलच. (रुग्णाची संमती घेतली आहे व ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

अशा चाचण्या आता घरोघरी पोहोचल्या आहेत. नैराश्य अथवा द्विध्रुवी विकार असलेल्या रुग्णांच्या बाबतीत त्यांचा उपयोग आहे आणि धोकाही आहे. आपल्या व्यवसायबंधूंनी व औषधविक्रेत्यांनी या अंकांकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करीत आहोत.

शास्त्रातील परीक्षा

मनाची व बुद्धीची परीक्षा ही आपल्याला नवी नाही. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या चौथ्या अध्यायात अनुमानाने जाणावयाच्या भावांची मोठी यादी दिली आहे. अग्नीचे बळ पचनशक्तीवरून व शरीराचे बळ व्यायामशक्तीवरून जाणावे. त्याच रीतीने स्मृती ही स्मरणावरून, मेधा ही ग्रहणावरून आणि धैर्य हे विषादाच्या अभावावरून जाणावे, असा त्या विवेचनाचा आशय आहे. स्मृती डोळ्यांनी दिसत नाही. रुग्णाला काही आठवावयास सांगावे, आणि त्याला जे आठवते त्यावरून ती अनुमानावी लागते. मोबाईलवरील चाचणीही नेमके हेच करते. ती शब्द दाखविते, थोड्या वेळाने विचारते आणि आठवलेल्या शब्दांवरून अनुमान बांधते. म्हणून तिचा निष्कर्ष हे अनुमानच होय. अनुमानाला प्रत्यक्षाची व आप्तोपदेशाची जोड लागते, हे आपण सर्वजण पहिल्या वर्षापासून शिकत आलो आहोत.

दुसरी गोष्ट निदानस्थानातील. सातव्या अध्यायात उन्मादाचे लक्षण सांगताना आचार्यांनी मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा व आचार या आठ भावांचा विभ्रम सांगितला आहे. आधुनिक शास्त्रातील ‘मेनिया’ म्हणजे आपला उन्माद असे सरळ समीकरण मांडणे बरोबर नाही, कारण आपली संज्ञा अधिक व्यापक आहे. परंतु ज्या विकारात मन बिघडते त्यात बुद्धी व स्मृतीही बिघडू शकतात आणि त्यांची परीक्षा वेगळी करावी लागते, हा विचार या आठ भावांच्या मांडणीत स्पष्ट दिसतो.

भावविकार आणि बोधनक्षमता

लक्ष देणे, ध्यानात ठेवणे, झटपट विचार करणे, कामाचा क्रम लावणे आणि गरजेप्रमाणे तो बदलणे या साऱ्या क्षमतांना एकत्रितपणे बोधनक्षमता म्हणतात. नैराश्याचा रुग्ण ‘काही सुचत नाही, वाचलेले डोक्यात राहत नाही’ असे म्हणतो, तेव्हा तो या क्षमतेबद्दलच बोलत असतो. एकाग्रता न होणे हे नैराश्याच्या अधिकृत लक्षणांपैकी एक आहे. द्विध्रुवी विकारात हा प्रश्न अधिक चिवट असतो. मनोदशा स्थिर झाल्यावरही काही रुग्णांत लक्ष, शब्दस्मृती व नियोजनशक्ती यांतील उणीव शिल्लक राहते, हे अनेक देशांतील अभ्यासांतून दिसून आले आहे.

याचा व्यवहारातील परिणाम फार मोठा आहे. रुग्ण हसू लागतो, जेवू लागतो, झोपू लागतो. घरचे व वैद्य दोघेही सुटकेचा नि:श्वास टाकतात. पण तो कामावर परत जातो तेव्हा पूर्वी तासाभरात होणारे काम त्याला दोन तास पुरत नाही. वरिष्ठ रागावतात, घरचे ‘आता तर बरा झालास, मग आळस का?’ असे म्हणतात. नोकरी जाते आणि त्या धक्क्याने विकार पुन्हा उलटतो. ही उणीव वेळीच ओळखली गेली, तर किमान त्या माणसाला कोणी आळशी तरी म्हणणार नाही.

याच्या उलट बाजूचीही दखल घेतली पाहिजे. वृद्धापकाळातील नैराश्य कधीकधी हुबेहूब स्मृतिभ्रंशासारखे दिसते. किलो या मनोविकारतज्ज्ञांनी १९६१ साली अशा रुग्णांचे वर्णन करून ‘आभासी स्मृतिभ्रंश’ ही कल्पना रूढ केली. असा रुग्ण प्रश्न विचारताच ‘माहीत नाही’ म्हणून मोकळा होतो आणि आपल्या विसरभोळेपणाची तक्रार स्वत:च वारंवार करतो. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण बहुधा उत्तर देण्याची धडपड करतो व आपली उणीव झाकतो. त्याच्याबद्दलची तक्रार घरचे लोक घेऊन येतात. हा भेद उपयोगी असला तरी निर्णायक नाही. उतारवयात पहिल्यांदाच आलेले नैराश्य हे कधी खऱ्या स्मृतिभ्रंशाची पूर्वसूचनाही ठरते. म्हणून नैराश्य ओसरल्यावर काही महिन्यांनी अशा रुग्णाची परीक्षा पुन्हा करणे अगत्याचे आहे.

उपलब्ध चाचण्या व त्यांच्या मर्यादा

कागदावरील चाचण्यांत १९७५ साली प्रसिद्ध झालेली ‘मिनी मेंटल स्टेट’ ही चाचणी सर्वपरिचित आहे. माँट्रियल येथील डॉ. नसरेद्दिन यांची ‘मोका’ ही चाचणी २००५ साली प्रसिद्ध झाली. ती ३० गुणांची असून २६ व त्यावरील गुण सामान्य मानले जातात. शिक्षण १२ वर्षे वा त्याहून कमी असल्यास एक गुण अधिक दिला जातो. तिचे मराठी रूपही उपलब्ध आहे. मात्र ती घेणाऱ्यास प्रशिक्षण व प्रमाणपत्र २०१९ पासून आवश्यक करण्यात आले आहे. दोन्ही चाचण्यांचा मूळ रोख वृद्धांतील बोधनक्षयाकडे आहे. तरुण वा मध्यमवयीन भावविकारी रुग्णांतील सूक्ष्म उणीव त्यांत निसटू शकते.

ही त्रुटी ध्यानात घेऊन भावविकारांसाठी स्वतंत्र साधने सिद्ध झाली. २०१७ साली ‘थिंक-इट’ हे संगणकावरील साधन प्रसिद्ध झाले. त्यात चार छोट्या कृती व रुग्णाने स्वत: भरावयाची एक पाच प्रश्नांची प्रश्नावली आहे. कृतींत चिन्हे व अंक यांची जोडी लावणे, अंक व अक्षरे आलटून पालटून क्रमाने जोडणे अशा जुन्या, पारखलेल्या परीक्षांची संगणकीय रूपे आहेत. द्विध्रुवी विकारासाठी ‘कोब्रा’ ही १६ प्रश्नांची प्रश्नावली २०१३ सालची आहे. डेन्मार्कमधील संशोधकांनी ‘आयकॅट’ हे साधन इंटरनेटवर, रुग्णाच्या घरीच वापरता येईल अशा रीतीने तयार केले व त्याविषयीचा पहिला लेख २०१९ साली प्रसिद्ध केला. त्यात रुग्ण ऐकलेले शब्द तोंडाने परत सांगतो आणि ते शब्द संगणक ओळखतो. द्विध्रुवी विकारांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अभ्यासगटाने २०१८ साली अशा रुग्णांची बोधनक्षमता नियमितपणे, छोट्या साधनांनी तपासावी अशी शिफारस केली. तीत रुग्णाची स्वत:ची तक्रार व प्रत्यक्ष कृतींवरील परीक्षा या दोहोंना स्थान दिले. ‘मला काही आठवत नाही’ म्हणणाऱ्याची स्मृती परीक्षेत उत्तम निघते, आणि ‘मी ठणठणीत आहे’ म्हणणारा परीक्षेत अडखळतो, हा अनुभव त्यामागे आहे.

या सर्व साधनांना चाळणी चाचणी म्हणतात, आणि हा शब्द आपण अक्षरश: घ्यावा. चाळणीने खडे वेगळे निघतात. खडा कोठून आला हे चाळणी सांगत नाही. निदानासाठी तज्ज्ञाची मुलाखत, तपशीलवार परीक्षा व आवश्यक त्या रक्तचाचण्या लागतातच. शिवाय मोबाईलवर सहज सापडणाऱ्या अनेक चाचण्यांचा वरील पारखलेल्या साधनांशी काहीही संबंध नसतो. काही निव्वळ खेळ असतात, तर काहींच्या शेवटी विक्रीचे उत्पादन उभे असते.

आपल्या भागातील अडचणी

परदेशात तयार झालेली चाचणी आपल्या पैठण, कन्नड, सिल्लोडच्या रुग्णाला जशीच्या तशी लावता येत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या जिल्ह्याची साक्षरता ७९.०२ टक्के होती. म्हणजे सात वर्षांवरील दर पाच माणसांत एकाला लिहिता-वाचता येत नव्हते, आणि त्यांत वयस्क स्त्रियांचे प्रमाण अधिक. अक्षरे क्रमाने जोडण्याची परीक्षा अशा माणसाचे शिक्षण मोजते. ज्या आजी बाजाराचा सारा हिशेब तोंडी करतात आणि भावकीतल्या चार पिढ्यांची नाती सांगतात, त्या घनाकृती काढता न आल्यामुळे अनुत्तीर्ण ठरू शकतात.

भाषांतर आणि प्रमाणीकरण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. प्रश्न मराठीत आले म्हणजे गुणांची सीमारेषाही मराठी माणसाला लागू झाली असे होत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड व मल्याळम या भाषांत बोधनपरीक्षांचा संच तयार करताना प्रत्येक भाषेत स्वतंत्र पारख केली ती याच कारणासाठी. चाचणी कोणत्या वयाच्या, किती शिकलेल्या व कोणती भाषा बोलणाऱ्या लोकांवर पारखली आहे, हा प्रश्न प्रथम विचारावा. त्याचे उत्तर चाचणीबरोबर दिलेले नसेल, तर तिच्या अंकास फारसे महत्त्व देऊ नये.

चाचणी कोणत्या परिस्थितीत दिली हेही पाहावे. वाळूजच्या त्या गृहस्थांना आम्ही हेच विचारले. चाचणी इंग्रजीत होती. रात्री अकरा वाजता, झोपेची गोळी घेतल्यानंतर, जवळचा चष्मा न लावता त्यांनी ती मुलाच्या मोबाईलवर दिली होती. मध्येच एक फोन आला होता. इतक्या अडथळ्यांनंतर आलेल्या बेचाळीस गुणांना आम्ही काहीच किंमत देऊ नये, असे वाचकांना वाटेल. आम्हालाही प्रथम तसेच वाटले. पण त्यांची नाडी पाहण्यासाठी हात हातात घेतला तेव्हा तो चांगलाच थरथरत होता. बोलणेही किंचित जड वाटले.

अंकामागचे कारण

हे गृहस्थ द्विध्रुवी विकारासाठी शहरातील मनोविकारतज्ज्ञांकडून तीन वर्षे लिथियम घेत होते. आमच्याकडे ते मलावष्टंभ व वाढलेला रक्तदाब यांसाठी मार्चमध्ये आले होते. आम्ही रोज रात्री विरेचक चूर्ण दिले आणि लवण जवळजवळ वर्ज्य करण्यास सांगितले. ‘आणखी कोणती गोळी चालू आहे का?’ हा प्रश्न आम्ही त्या दिवशी विचारला नाही. मनोविकाराची गोळी कोणी आपण होऊन सांगत नाही, हे माहीत असूनही विचारला नाही.

लिथियम शरीरातून मूत्रपिंडांवाटे बाहेर जाते. आहारातील मीठ एकाएकी कमी झाले अथवा जुलाब, उलटी, घाम यांनी शरीरातील पाणी घटले, की मूत्रपिंडे मिठाबरोबर लिथियमही धरून ठेवतात व रक्तातील त्याची पातळी वाढते. आमचे चूर्ण, आमचे पथ्य आणि मराठवाड्याचा उन्हाळा या तिन्हींनी मिळून तेच केले होते. हाताचा स्थूल कंप, जड बोलणे, तोल जाणे, उलटी-जुलाब व मंद झालेली बुद्धी ही त्या विषाक्ततेची लक्षणे होत. आम्ही चूर्ण तत्काळ थांबविले आणि त्याच दुपारी त्यांना चिठ्ठी देऊन तज्ज्ञांकडे पाठविले. रक्तातील पातळी मर्यादेच्या वर निघाली. त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या दिवशी मेध्य औषधाची बाटली घेऊन ते घरी गेले असते, तर काय झाले असते याचा विचार आम्ही पुष्कळदा केला आहे.

या अनुभवावरून काही गोष्टी व्यवसायबंधूंच्या निदर्शनास आणणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. लिथियम चालू असलेल्या रुग्णास वमन, विरेचन, तीव्र स्वेदन अथवा लवणवर्ज्य पथ्य त्याच्या तज्ज्ञांशी बोलल्याशिवाय देऊ नये. गोक्षुर, पुनर्नवा यांसारखी मूत्रल द्रव्येही अशा रुग्णांत जपून वापरावीत. सांधेदुखीच्या अनेक आधुनिक वेदनाशामक गोळ्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही लिथियमची पातळी वाढते. त्यामुळे दोन्ही प्रकारची औषधे ठेवणाऱ्या दुकानदारांनी विशेष दक्ष राहावे.

सर्पगंधेविषयीही दोन शब्द. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली उच्च रक्तदाबावरील सर्पगंधेच्या उपयोगाचा लेख ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि आपल्या या वनस्पतीचे नाव जगभर झाले. १९५२ साली तिच्यातून रेसर्पिन वेगळे करण्यात आले. पुढे रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांत नैराश्य येत असल्याची नोंद झाली. ज्यास नैराश्य आहे वा पूर्वी होऊन गेले आहे, त्यास ‘झोपेसाठी’ म्हणून सर्पगंधेची वटी देणे त्यामुळे टाळावे. धत्तूरयुक्त कल्पांचाही, उदाहरणार्थ कनकासवाचा, वृद्धांत अतिवापर झाल्यास गोंधळ व विस्मृती उद्भवू शकते.

याखेरीज चाचणीतील गुण कमी येण्याची अनेक साधी, बरी होणारी कारणे असतात. थायरॉईडची मंदता, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, पांडुरोग, मधुमेहातील शर्करेचे चढउतार, मद्यपान, झोपेच्या गोळ्यांची सवय, घोरण्याबरोबर श्वास अडणे व अपुरी झोप ही त्यांतील प्रमुख होत. लिथियममुळेही थायरॉईड मंदावू शकते. विस्मृतीची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक रुग्णात ही यादी डोळ्यांखालून घालावी.

प्रत्यक्ष व्यवहारात काय करावे

पहिल्या भेटीतच, रुग्ण कोणत्याही तक्रारीसाठी आलेला असो, चालू असलेल्या सर्व गोळ्यांची वेष्टने दाखविण्यास सांगावे. भावविकाराचा रुग्ण असल्यास मनोदशा आधी पाहावी. नैराश्यासाठी ‘पीएचक्यू-९’ ही नऊ प्रश्नांची, २७ गुणांची प्रश्नावली २००१ पासून जगभर वापरात आहे. १० वा अधिक गुण असल्यास पुढील तपासणी आवश्यक मानतात. तिचा नववा प्रश्न जिवाचे बरेवाईट करण्याच्या विचारांविषयी आहे. त्याचे उत्तर होकारार्थी आले, तर स्मृतिचाचणीचा विषय तेथेच बाजूला ठेवावा, रुग्णास एकटे सोडू नये व तातडीने तज्ज्ञांकडे न्यावे.

तीव्र नैराश्यात, उन्मादाच्या भरात, विद्युतोपचारानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत अथवा औषध नुकतेच बदलले असताना बोधनक्षमतेची परीक्षा करून निष्कर्ष काढू नये. मनोदशा काही आठवडे स्थिर झाल्यावर, सकाळी, पुरेशी झोप झालेली असताना, चष्मा व श्रवणयंत्र लावून, शांत खोलीत व रुग्णाच्या बोलीत ती घ्यावी. घरच्यांनी मध्ये उत्तरे सुचवू नयेत. तीच चाचणी लागोपाठ दिल्यास केवळ सरावाने गुण वाढतात, हेही ध्यानात ठेवावे.

अंकापेक्षा रोजच्या जीवनातील बदल अधिक बोलका असतो. पैशांची सुट्टी मोजताना चुका होतात का? गॅस चालू राहतो का? नेहमीच्या रस्त्यावर चुकतात का? गोळ्या घेतल्या की नाही हे आठवते का? हे सारे पूर्वी व्यवस्थित जमत होते का, आणि कधीपासून बिघडले? हे प्रश्न रुग्णास व घरच्या एका जाणत्या माणसास स्वतंत्रपणे विचारावेत. काही तासांत वा दिवसांत उद्भवलेला गोंधळ, ताप, झटका, हातापायातील कमजोरी, डोक्यास मार अथवा असह्य डोकेदुखी यांपैकी काहीही असल्यास चाचणीत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

कायदा, गोपनीयता आणि औषधालय

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार मनोविज्ञान व मानस रोग या विषयातील आयुर्वेदाची पदव्युत्तर पदवी असलेल्या वैद्यांना मानसिक आरोग्य व्यावसायिक म्हणून मान्यता आहे. ही आपल्या शास्त्राला मिळालेली मोठी जबाबदारी आहे. त्याच कायद्याने मानसिक विकार असलेल्या व्यक्तीस आपल्या विकाराविषयीची माहिती गोपनीय राखली जाण्याचा हक्क दिला आहे. तत्कालीन केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेने एप्रिल २०२० मध्ये दूरवैद्यकाविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. तेव्हापासून दूरध्वनी वा चलचित्राद्वारे सल्ला देण्याची शिस्तही आपल्यासाठी ठरून गेली आहे.

ऑनलाईन चाचणीत रुग्ण आपले नाव, वय, विकार व उत्तरे एका अनोळखी यंत्रणेच्या स्वाधीन करतो. चाचणीचा निकाल कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर फिरतो, कारखान्यात पोहोचतो, कधी मुलीच्या लग्नाच्या बोलणीतही निघतो. म्हणून निकाल कोणास पाठवावा हे रुग्णानेच ठरवावे, असे आपण घरच्यांना स्पष्टपणे सांगावे.

औषधालयमालकांना आमची नम्र विनंती आहे. मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची व शंखपुष्पी या मेध्य रसायनांविषयी आम्हाला आदर आहे आणि योग्य रुग्णात आम्ही ती वापरतो. परंतु मोबाईलवरील अंक दाखवून औषध मागणाऱ्यास ते थेट देऊ नये. दुकानात चाचणी घेऊन तिच्या जोरावर औषध विकणे तर सर्वथा गैर होय. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचारविषयक जाहिरात कायद्याच्या अनुसूचीत मेंदूचे विकार व वेड यांचा समावेश आहे. ते बरे करण्याचा दावा करणारा फलक दुकानावर लावणे हा गुन्हा आहे. गल्ल्याजवळ दुसरा एक छोटा फलक मात्र अवश्य लावावा. त्यावर टेलि-मानस या राष्ट्रीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक लिहावा. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून दिवसरात्र, विनामूल्य व मराठीतही उपलब्ध आहे.

पाठवावे कोठे?

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के व द्विध्रुवी विकाराच्या सुमारे ७० टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचे दिसून आले. त्या पाहणीत महाराष्ट्र नव्हता. पण आपल्याकडील चित्र फार निराळे असेल असे आम्हास वाटत नाही. राज्यातील ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथील जुन्या चार मनोरुग्णालयांपैकी एकही मराठवाड्यात नाही. आपल्या शहरातील घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम यांवर मोठा भार आहे. शासनाने २०१५ साली मराठवाडा व विदर्भातील १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ आरंभिला, तेव्हा आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन मनाची विचारपूस करू लागल्या. गावात त्यांच्याइतकाच विश्वास वैद्यावर असतो. मनोविकारतज्ज्ञाची पायरी चढावयास कचरणारा माणूस वैद्याकडे पोटाची तक्रार घेऊन येतो आणि उठता उठता ‘अलीकडे काही लक्षात राहत नाही’ असे म्हणतो. त्या वाक्यापाशी आपण थांबले पाहिजे.

अशा रुग्णाबरोबर द्यावयाची चिठ्ठी सविस्तर असावी. तक्रार कधीपासून, रोजच्या कामात कोणता फरक, चालू असलेली दोन्ही शास्त्रांची औषधे, आपण दिलेले पथ्य, आणि चाचणी झाली असल्यास तिचे नाव, भाषा व वेळ एवढे त्यात लिहावे. आमच्या रुग्णाबरोबरच्या चिठ्ठीत आम्ही आमच्या चूर्णाचे नाव व लवण वर्ज्य केल्याची तारीखही लिहिली. लिहिताना संकोच वाटला. पण तज्ज्ञांनी नंतर सांगितले, की त्या दोन ओळींमुळे कारण त्वरित उमगले.

पातळी उतरल्यावर कंप गेला व बोलणे स्वच्छ झाले. चार महिन्यांनी, मनोदशा स्थिर असताना, मानसशास्त्रज्ञांनी मराठीत रीतसर परीक्षा घेतली. स्मृती चांगली निघाली; लक्ष टिकविण्याची व गतीची थोडी उणीव मात्र राहिली होती. ती त्या विकाराचीच असावी असे तज्ज्ञांचे मत पडले. घरच्यांना ते समजावून सांगितले. कारखान्यातील वरिष्ठांशी रुग्ण स्वत: बोलला आणि त्याला एका वेळी एकच नोंद करता येईल असे काम मिळाले. तो आजही नोकरीवर आहे. आमच्याकडे मलावष्टंभासाठी येतो, आणि प्रत्येक वेळी आम्ही विचारण्याआधीच गोळ्यांची पिशवी टेबलावर ठेवतो.

आमच्या रुग्णपत्रिकेवर आता ‘इतर चालू औषधे’ असा रकाना अगदी वर, नावाखालीच छापून घेतला आहे. सभासद बंधुभगिनींनीही तसा तो करून घ्यावा, आणि भावविकाराच्या प्रत्येक रुग्णास मनाबरोबर लक्ष व स्मृती यांविषयीही दोन प्रश्न विचारावेत, एवढीच आमची विनंती आहे.